फाटकावरचा सूर्य

आमच्या घरात सूर्याशी थेट व्यवहार असलेल्या दोन व्यक्ती आहेत. एक माझी बायको. ती डोंबिवलीच्या आमच्या गॅलरीत पापड वाळवते. दुसरी माझी मुलगी. ती बंगळूरला असते आणि सूर्याकडून येणारे क्ष-किरण मोजणाऱ्या एका यंत्रावर काम करते. मी स्वतः उन्हात फार वेळ उभा राहिलो तर मला पित्त होतं.

हे यंत्र एका उपग्रहात बसून पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर गेलेलं आहे. एवढं लांब का, हे मुलीने मला एकदा जेवताना समजावलं होतं. सूर्याचे क्ष-किरण आपल्या हवेतून खाली येतच नाहीत, वरच्या वर अडतात. म्हणून वर जावं लागतं. वर जाऊन पृथ्वीभोवती घिरट्या घातल्या तर मधूनमधून पृथ्वीच आड येते. म्हणून लांब जावं लागतं.

"म्हणजे समोर टॉवर होण्याची भीती नाही असा फ्लॅट घेतल्यासारखं," मी म्हणालो.

ती भात कालवता कालवता थांबली. "साधारण," म्हणाली.

माझं विज्ञान हे असं आहे. मी एका विमा कंपनीच्या ठाण्याच्या ऑफिसात आयुष्य काढलं आणि त्या आयुष्यात कोणी मला क्ष-किरणाबद्दल विचारलं असेल तर ते दाव्याच्या कागदांबरोबर जोडलेल्या छातीच्या फोटोपुरतं. पण मुलगी उपग्रहावर काम करते म्हटल्यावर लोक मला विचारायला लागले आणि मी उत्तरं द्यायला लागलो. माहिती नसताना न अडखळता उत्तर देण्याचं कसब मी ऑफिसात कमावलेलं होतंच.

लोकांचा प्रश्न ठरलेला असायचा: "मग फोटो कधी दाखवताय सूर्याचा?"

माझं उत्तरही ठरलेलं: "येतोय. प्रोसेसिंगला आहे."

शेवटी मी मुलीलाच फोन करून विचारलं.

"बाबा, आमच्या यंत्रातून फोटो निघत नाही."

"का? बिघडलंय?"

"बिघडलेलं नाही हो. ते फोटोसाठी नाहीच आहे. दर सेकंदाला किती किरण आले आणि प्रत्येकात किती ऊर्जा होती, एवढं मोजतं. त्याचा आलेख येतो."

"आलेख म्हणजे रेष?"

"रेष."

"रंगीत?"

"तुम्हाला हवा तो रंग देते," ती म्हणाली आणि मग जरा आवाज खाली आणून, "आणि ऐका ना, एक सांगायचं होतं. पुढचं यंत्र बनवायचं ठरतंय. त्याच्या डिटेक्टरचं काम कोणाकडे द्यायचं त्यात माझं नाव आहे. अजून नक्की नाही. कुठे बोलू नका, प्लीज. तुम्ही बोलता."

ही गोष्ट मी खरोखरच कोणापाशी बोललो नाही. बायकोच्या शपथेवर सांगतो, आणि बायको शेजारीच बसलेली आहे. जे नुकसान झालं ते बाकीच्या बोलण्याने झालं.

रथसप्तमीला मुलगी दोन दिवस रजा काढून येणार होती. संक्रांतीपासून चालू असलेल्या हळदीकुंकवांचा तो शेवटचा दिवस, आणि आमच्याकडचं हळदीकुंकू त्याच दिवशी. सूर्याचा सण आणि सूर्यावर काम करणारी लेक घरी, असा योग बायकोने बरोबर साधलेला. तिचा बेत साधा होता: बायका येतील, तिळगूळ होईल, लेक चार शब्द सांगेल. पण मी सोसायटीचा सेक्रेटरी, आणि सेक्रेटरीच्या घरातली गोष्ट अध्यक्षांच्या कानावर गेल्याशिवाय राहत नाही. कारण सेक्रेटरी स्वतः जाऊन सांगतो.

"सत्कार करायचा," अध्यक्ष म्हणाले. "आणि फाटकावर फ्लेक्स."

आमच्याकडे फ्लेक्स लागल्याशिवाय गोष्ट घडली असं कोणी धरत नाही. दहावी पास झाल्याचा लागतो, गटार दुरुस्त झाल्याचा लागतो, मधल्या काळात पाण्याची टाकी धुतली तर तिच्याही फ्लेक्सवर चौघांचे हसरे चेहरे होते आणि त्यांतला एकही टाकीत उतरला नव्हता. मी म्हणालो, "लावू की."

आता खरं तर इथेच मी सांगायला हवं होतं, की साहेब, फोटो नाही, रेष आहे. तोंडापर्यंत आलेलं. पण डोळ्यांसमोर आलं ते असं: फाटकावर आठ फुटी फ्लेक्स, आणि त्यावर एक वाकडी रेष. लोक म्हणणार, इतकी वर्षं पोरगी घर सोडून राहिली, दिवाळीला आली नाही, आणि काढलं काय तर हे? बापाचं मन. तिच्या रेषेची मला लाज वाटली, असं आता सरळ लिहून टाकतो. तेव्हा मी त्याला 'लोकांना समजेल असं काहीतरी' म्हणत होतो.

फ्लेक्स छापणारा स्टेशनजवळ एका जिन्याखाली बसतो. त्याने विचारलं, "काका, सूर्य कुठला टाकू? डोळेवाला की बिनडोळ्याचा?"

"शास्त्रीय पाहिजे."

"मग बिनडोळ्याचा."

त्याने इंटरनेटवर शोधून एकापेक्षा एक सूर्य काढले. शेवटी एक सापडला, क्ष-किरणांतलाच होता म्हणे. काळ्या पार्श्वभूमीवर पेटलेला सोनेरी गोळा, कडेने ज्वाळांच्या कमानी. मी अक्षरशः हात जोडायचा बाकी राहिलो.

"कोपऱ्यात बारीक इंग्लिशमधे काहीतरी लिहिलंय काका. कोणाचं तरी नाव वाटतं. ठेवू की काढू?"

"काढ," मी म्हणालो. "गिचमीड होतं."

तीन शब्द. आयुष्यात मी इतका कमी बोलून इतका गोंधळ कधीच घातला नव्हता.

फ्लेक्स झाला तो असा: मधोमध सूर्य. त्याच्या पोटात मुलीचा पासपोर्टचा फोटो, ज्यात ती नुकतीच रडून उठल्यासारखी दिसते. वर, 'सूर्याचा क्ष-किरण फोटो टिपणारी आमच्या सोसायटीची कन्या'. आणि खाली गोल गोल चौकटींत कमिटीचे सात चेहरे, ग्रहमालेसारखे. अध्यक्षांचा गोल सगळ्यात मोठा, कारण त्यांनी फोटोच मोठा पाठवलेला. मी शेवटचा, एका कडेला, प्लूटोच्या जागी.

रथसप्तमीच्या सकाळी तो फाटकाला सुतळीने बांधला, मी त्याचा मोबाइलवर फोटो काढला आणि पाठवला. कुठे, ते विचारू नका. सोसायटीचा ग्रुप, ऑफिसचा ग्रुप, कॉलेजच्या मित्रांचा, बायकोच्या माहेरचा, आणि एका लग्नासाठी काढलेला ग्रुप जो ते लग्न होऊन मूल शाळेत जायला लागलं तरी कोणी बंद केलेला नाही.

दुपारी मुलीचा फोन आला. विमानतळावरून टॅक्सीने यायला निघालेली ती शीळफाट्याला अडकली होती. पंधरा लाख किलोमीटरवरच्या त्या उपग्रहाकडून निघालेला संदेश पाच सेकंदांत खाली येतो. शीळफाट्यावरून डोंबिवलीत माणूस कधी येईल ते शास्त्राला सांगता येत नाही.

"बाबा," ती म्हणाली. आवाज वेगळाच होता. "फाटकावर काय लावलंय?"

"अगं, ते सरप्राइज होतं! तुला कोणी सांगितलं?"

"सरांनी."

तिच्या सरांच्या बायकोचं माहेर कल्याणचं, हे मला कसं माहीत असणार? डोंबिवलीतून निघालेला माझा फोटो कल्याणला गेला, तिथल्या कोणा मामीने कौतुकाने बंगळूरला जावईबापूंना पाठवला आणि जावईबापूंनी तो माझ्या मुलीला पाठवून खाली एकच ओळ लिहिली: 'हे तुमच्या घरचं आहे का?'

"मग सांग ना हो म्हणून," मी म्हणालो.

पलीकडे हॉर्न वाजत होते. मग ती अगदी हळू बोलायला लागली, जशी ती लहानपणी रडायच्या आधी बोलायची.

"बाबा, तो फोटो दुसऱ्या देशाच्या दुर्बिणीचा आहे. आमच्या क्षेत्रातलं कुठलंही माणूस तो झोपेत ओळखेल. खाली त्यांचं नाव असतं. ते पुसलेलं आहे. आणि वर माझं लिहिलेलं आहे. आमच्याकडे चुकीचा आकडा आला तर चालतो, सुधारता येतो. दुसऱ्याचं आपलं म्हणून दाखवलं तर पुन्हा कोणी विश्वास ठेवत नाही. सर आता काय समजतील? की ही घरी असंच सांगते. पुढचं यंत्र ते माझ्या हातात कशाला देतील?"

मी उभा होतो तो खुर्चीवर बसलो. खुर्चीवर तिळाच्या लाडवांचं ताट होतं.

त्या लाडवांबद्दल बायको काय बोलली ते इथे देत नाही. पण ठाण्याहून, नौपाड्यातून, आलेली माझी आत्या सोफ्यावर होती. ती निवृत्त मुख्याध्यापिका आहे आणि तिच्यासमोर मी अजून सहावीत असतो. सगळं ऐकून घेतल्यावर तिने चष्मा काढला.

"दुसऱ्याच्या पेपरातलं उत्तर, वरचं नाव खोडून स्वतःच्या मुलीचं घातलंस. बरोबर?"

"आत्या, तसं नाही ग..."

"मग कसं?"

तसंच होतं. मी पँटीला चिकटलेले तीळ झटकत खाली गेलो.

वॉचमनचं स्टूल फाटकाशी लावून त्यावर चढलो आणि सुतळी सोडायला लागलो, तोच अध्यक्ष आले. संध्याकाळसाठी त्यांनी जाकीट घातलेलं.

"सेक्रेटरी, हे काय? कार्यक्रमाच्या आधीच उतरवताय?"

मी वरूनच सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे अडचण सूर्याची आहे."

"हो."

"आमची नाही."

"तुमची कशी असेल?"

"मग सूर्यावर काहीतरी चिकटवा. खालचा भाग राहू द्या. आमच्या व्याह्यांना मी फोटो पाठवलाय, ते बघायला येणार आहेत."

स्टुलावर एका पायावर उभा राहून मी कमिटीची सभा चालवतोय, आणि तेवढ्यात टॅक्सी आली. मुलगी उतरली. तिने वर बघितलं: एक कोपरा सुटून लोंबणारा सूर्य, त्यात तिचा रडका फोटो, आणि सुतळी दातांत धरलेला बाप. मला वाटलं, आता ही तशीच परत टॅक्सीत बसणार. तिने बॅग खाली ठेवली, दुसऱ्या बाजूची सुतळी स्वतः सोडली आणि म्हणाली, "काका, जरा धरता का?" अध्यक्षांना 'काका' म्हटलं की ते काहीही धरतात. तिघांनी मिळून तो सूर्य खाली घेतला.

"आता लिहा," ती मला म्हणाली. "जिथे जिथे पाठवलाय तिथे सगळीकडे."

मी लिहिलं: 'सर्व स्नेहीजनांस कळविण्यास खेद वाटतो की तांत्रिक कारणास्तव...'

"तांत्रिक कारण कुठलं, बाबा?"

मी खोडलं. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. आमच्या फाटकावरच्या फ्लेक्समधला सूर्याचा फोटो माझ्या मुलीच्या यंत्राने काढलेला नाही. तो दुसऱ्या देशाच्या दुर्बिणीचा आहे. त्यांचं नाव पुसायला मी सांगितलं. मुलीला यातलं काही माहीत नव्हतं. तिच्या यंत्राने सूर्याचा फोटो निघत नाही.

"पुढे काही गोड लिहू का?"

"नको."

पाठवून टाकलं. तिने तोच मजकूर सरांनाही पाठवला आणि फोन पर्समध्ये ठेवून पर्स कपाटात ठेवली. उत्तर कधी येईल, काय येईल, काही माहीत नाही. चेहरा मात्र असा, की हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी तिला प्रवासाचा शीण झालाय असं समजून घेतलं.

घर भरलं. बायका अर्थातच फोटो बघायला आलेल्या. आत्या म्हणाली, "फोटो नाही. जे आहे ते ती दाखवेल." आणि मला म्हणाली, "फळा आण."

फळा आमच्या घरात कुठला असायला? मुलगी म्हणाली, "फ्लेक्सची मागची बाजू पांढरी असते ना?" म्हणून मी आणि अध्यक्षांनी तो फ्लेक्स वर आणून, सातही चेहरे भिंतीकडे करून, पडद्याच्या दांडीला अडकवला. अध्यक्ष एकदा स्वतःच्या पाठीकडे बघावं तसं त्याच्याकडे बघून गेले.

तिने मार्करने रेष काढायला सुरुवात केली. आडवी, जरा थरथरत जाणारी. "हा शांत सूर्य," ती म्हणाली. मग रेष एकदम ताडकन वर गेली, जवळजवळ पडद्याच्या कड्यांपर्यंत. "हा स्फोट. सूर्यावर अचानक प्रचंड ऊर्जा बाहेर पडते. डोळ्यांना काही दिसत नाही, सूर्य नेहमीसारखाच. पण क्ष-किरण कित्येक पटींनी वाढतात." आणि मग रेष उतरायला लागली, सावकाश, पलंग-खुर्च्या ओलांडून पार फ्लेक्सच्या कडेपर्यंत. "आणि हे हळूहळू निवणं. आमचं यंत्र हे सगळं टिपतं. डोळा न मिटता."

बायका रेषेकडे आणि मग एकमेकींकडे बघायला लागल्या. मला घाम फुटला.

"अगं, हे तर सकाळचं बोळकं!" तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या.

रथसप्तमीला बायका गोवरीवर मातीच्या बोळक्यात दूध तापवतात आणि मुद्दाम उतू जाऊ देतात. सकाळी आमच्या गॅलरीतही तो कार्यक्रम झालेला. "कितीतरी वेळ नुसतं बसलेलं असतं," वहिनी पुढे आल्या आणि आडव्या रेषेवर बोट ठेवलं. "काही होतच नाही. आपण जरा मान वळवली की असं वर."

"तेच!" मुलगी म्हणाली. दुपारपासून पहिल्यांदा तिचा आवाज तिचा वाटला. "अगदी तेच, काकू. मान वळवायची नाही, म्हणून तर यंत्र."

"आणि कुठल्या दिशेला उतू गेलं ते कळतं का तुला?" आत्याने विचारलं.

"त्याने नाही कळत, आजी. आख्ख्या सूर्याचं मिळून एकच मोजमाप येतं."

"मग पुढच्या यंत्रात ते बघा," आत्या म्हणाली, गृहपाठ दिल्यासारखं.

पुढच्या यंत्राचं नाव निघालं तशी मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी दोन्ही कानांना हात लावले. आत्या ते आपल्या मनाने बोलली होती. पण मग बायकांचे प्रश्न सुरू झाले, आणि काय प्रश्न! त्या स्फोटाने आपले मोबाइल बंद पडतील का? पडणार नाहीत, पण उपग्रहांना त्रास होऊ शकतो. पुढचा स्फोट कधी, ते आधी सांगता येतं का? अजून नीट नाही. मग पापड कधी घालायचे? त्याचा संबंध नाही. अध्यक्षांचे व्याही तर शेवटी जमिनीवरच मांडी घालून बसले.

सगळ्या गेल्यावर तिने कपाटातून पर्स काढली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून कपबश्या मोजल्याचं सोंग करत होतो. तिने वाचलं, आणि फोन माझ्या हातात दिला. सरांनी लिहिलं होतं: 'बरं झालं लगेच खुलासा केलात. वडिलांना नमस्कार सांगा. सोमवारी नव्या डिटेक्टरचा आराखडा घेऊन बसू.'

मी ते दोनदा वाचलं. नमस्कार खरा होता की टोमणा, ते मला अजून कळलेलं नाही. सोमवार मात्र खरा होता. मुलगी आईच्या गळ्यात पडली, आई म्हणाली अगं हात पिठाचे आहेत, आणि आत्याने सोफ्यावरून फक्त "हं" केलं.

इथे हे थांबलं असतं. पण मी पाठवलेला मजकूर आता गावभर पोचत होता, आणि लोकांनी त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं मनाला लावून घेतलेलं: यंत्राने फोटो निघत नाही. सांत्वनाचे फोन सुरू झाले. ऑफिसातला जुना सहकारी म्हणाला, धीर सोडू नका. लग्नाच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. कळव्याच्या साडूंनी विचारलं, गॅरंटीत आहे का? मी प्रत्येकाला समजावत बसलो, की बिघडलेलं नाही हो, ते तसंच असतं, आणि प्रत्येक जण म्हणाला, "हो हो, असंच म्हणायचं असतं."

"बाबा, आता नका खुलासे करू," मुलगी हसून हसून डोळे पुसत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत निघाली. तिची बॅग घेऊन मी खाली उतरलो तर फाटकाशी पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ भेटले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ऐकलं. वाईट वाटलं."

मुलगी रिक्षा थांबवायला रस्त्यावर गेलेली. मी इकडेतिकडे बघितलं. शेजारी एक गाडी उभी होती, तिच्या बॉनेटवर समोरच्या बांधकामाची धूळ साचलेली. मी बोटाने आडवी रेष ओढली.

"हे बघा, हा शांत सूर्य. हा स्फोट," बोट झर्रकन वर काचेपर्यंत. "आणि हे परत निवणं." मी रेष खाली आणली.

त्यांनी गाडीला वळसा घालून दोन्ही बाजूंनी ती पाहिली. "शेअर बाजार," ते म्हणाले.

"नाही, दूध."

मागे रिक्षा येऊन थांबली होती. मुलगी आत बसली नव्हती. माझ्या खांद्यावरून बॉनेटकडे बघत होती.

"उतार फार घाईचा झाला, बाबा," ती म्हणाली. "तो हळू असतो. अजून लांब न्या."

मी पुन्हा बोट टेकवलं आणि ती सांगेल तिथपर्यंत, पार हेडलाइटच्या पुढे, नेत राहिलो.